शेवटच्या अक्षराची पोथी

आमच्या बसमतला हळद मोप, कापूस मोप, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणारी माणसं तर विचारूच नका. नव्हतं ते एवढंच, तिबेटी पोथ्यांचं ग्रंथालय. ते आमच्या ह्यांनी काढलं. काहून काढलं, असं अर्ध्या गावानं मला विचारलं. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, की बाबा, त्यांनाच विचार, मला लग्नात कुणी ही गोष्ट बोलून दाखवली नव्हती.

महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ह्यांना काशीला धाडलं ते रुद्र नीट म्हणता यावा म्हणून. पोरगं चार मंत्र शिकेल, देऊळ सांभाळेल, एवढीच बिचाऱ्यांची आशा. पोरगं तिथून जवळच्या एका बौद्ध विहारात जाऊन बसायला लागलं, डोंगराकडून आलेल्या एका म्हाताऱ्या भिक्षूच्या नादी लागलं आणि रुद्र राहिला बाजूला, तिबेटी शिकून परत आलं. वर दोन पेट्या पोथ्या. त्याच साली मी पुसेगावहून लग्न होऊन आले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, औंदा आमच्या घरात दोन ओझी येऊन पडली. त्यातलं जड कोणतं ते मात्र सांगायच्या नाहीत.

हे सरकारी शाळेत मास्तर झाले. शाळेत उर्दूतून शिकवायचं, घरी येऊन संस्कृत वाचायचं, तिबेटी लिहायचं. माझ्याशी बोलायला मग भाषाच उरायची नाही. पहिल्या सहा महिन्यांत मला त्यांनी जे काय सांगितलं असेल ते पोथ्यांबद्दल.

पोथ्या होत्या मात्र बघण्यासारख्या. लांबोडकी सुटी पानं, वर-खाली लाकडाच्या फळ्या, भोवती कापड गुंडाळून दोरीनं आवळलेलं. आपल्या जुन्या पोथ्या असतात तशाच, फक्त लांबी अशी की मांडीवर घेतली तर शेजारणीला लागावी. आणि वास! तिकडच्या देवळांत लोण्याचे दिवे जळतात म्हणे, त्या धुराचा. पेटी उघडली की खवट तुपाची बरणी उघडल्यागत व्हायचं. सासूबाई नाकाला पदर लावायच्या आणि मामंजी तर माळवदावरच निघून जायचे.

मामंजींना त्या पोथ्या घरात नकोच होत्या. महादेवाच्या घरात बुद्धाची पोथी कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तोड काढली सासूबाईंनी. भिंतीवरचं पंचांग काढलं, मामंजींपुढं धरलं आणि नववा अवतार कोण ते विचारलं. आता पंचांगात नवव्या अवताराला नाव बुद्धाचं, आणि चित्र बघाल तर आपला विठोबा, कमरेवर हात ठेवून उभा. मामंजींनी चित्र बघितलं, नाव बघितलं, आणि पंचांग परत खिळ्याला अडकवून टाकलं. त्या दिवसापासून पोथ्यांबद्दल ते बोलले नाहीत, नुसता खाकरा काढायचे.

सासूबाईंना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण डोकं असं की वकिलानं भ्यावं. एकदा त्यांनी ह्यांना विचारलं, हे परमुलखाचं लिखाण तू काहून वाचून राहिला? ह्यांनी सांगितलं, की माय, हे परमुलखाचं नाही. आपल्या इकडच्या पंडितांनी संस्कृतात लिहिलेले ग्रंथ, ते आपल्या इकडं हरवले, जळाले, कुणी विचारलं नाही त्यांना. पण त्याआधी तिकडच्या लोकांनी ते आपल्या भाषेत करून घेतले आणि जपले. आता मूळ इथं कुठंच नाही, आहे ते फक्त तिकडं. सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. म्हणाल्या, मंजी आपलीच लेक हाय की, लांब दिली म्हणून वाचली. आता म्हायेरी आली.

झालं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत त्या पोथ्या माहेरवाशिणी झाल्या. विटकं कापड काढून सासूबाईंनी नवं शिवलं आणि कोऱ्या कपड्याला लावतात तसं प्रत्येक बासनाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. हे कळवळले, की माय, संशोधनाचं काम आहे हे, लग्नघर नव्हे. पण बोट लागलं ते लागलंच. आमच्या ग्रंथालयात आलेल्या एकूण एक पोथीला ते आहे.

ग्रंथालय म्हणजे तरी काय, हळदीच्या वखारीवरची माडी. वखारवाला आमच्या देवळाचा भक्त, त्यानं ती वापरायला दिली. खाली पोती, वर पोथ्या. हळदीच्या वासानं कसर लागत नाही, हा फायदा. पुण्याकडून कुणी अभ्यासक आला तर वाचण्याआधी तासभर शिंकतो, हा तोटा. कपाटांसाठी सुतार बोलावला. त्यानं जन्मात बैलगाड्या आणि पाळणे सोडून काही केलं नव्हतं. ह्यांनी त्याला समजावलं, की ही पुस्तकं उभी राहत नाहीत, आडवी निजतात, एकेकीला एकेक खण पाहिजे. "निजतात" हे त्यानं बराबर ध्यानात ठेवलं आणि प्रत्येक खणाला पाळण्यासारखा कठडा करून दिला. आम्ही हसून हसून दमलो. पण खरं सांगते, पुढं इतक्या पोथ्या आल्या, त्यातली एकही कधी घसरून पडली नाही.

दोन पेट्यांनी ग्रंथालय होत नसतं, हे मात्र ह्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्या भिक्षूंजवळ, ज्यांना हे गुरुजी म्हणायचे, बुद्धवचनांचा सगळाच्या सगळा संग्रह होता. गाडाभर पोथ्या. वय झालेलं, मागं कुणी नाही, आणि त्या पोथ्या कुठं तरी ठेवायच्या होत्या. कलकत्त्याचे मोठे विद्वान त्या मागत होते. ह्यांनीही हिय्या करून मागितल्या. तो संग्रह आला तर बसमतला देशभरातून माणसं वाचायला येतील. नाही आला तर वखारीवरचे चार पाळणे आहेतच. ह्यांनी दुसरं काही कधी मागितलं नाही, ना देवाला ना मला. गुरुजींनी कळवलं, पोथ्या कुठं राहणार ती जागा आधी डोळ्यांनी बघतो, मग ठरवतो.

ते यायचे होते चैत्रात. हे त्यांना आणायला पूर्णा जंक्शनला गेले. मी माडीवर झाडलोट करायला गेले. आणि घरी सासूबाईंना आठवलं, पाहुणा यायचाय आणि लेकींच्या अंगाला अजून तो वास. माहेरी आलेल्या लेकीला आधी न्हाऊ घालतात. पोथीला न्हाऊ घालता येत नाही एवढं त्यांना कळत होतं. पण ऊन दाखवायला काय हरकत? आपल्या पोथ्यांना दाखवतातच की.

त्यांनी गल्लीतल्या दोघी-तिघींना हाताशी धरलं. पेट्यांमधल्या पोथ्या अजून घरीच होत्या, त्या सगळ्या सोडल्या. माळवदावर धुतलेली धोतरं अंथरली आणि शेवया वाळत घालतात तसं एकेक पान मांडलं. उडू नये म्हणून प्रत्येक पानावर एकेक हळकुंड ठेवलं. माझ्या कानावर आलं तेव्हा मी पायात चप्पल न घालता पळत सुटले.

मी पोचायला आणि वावटळ यायला एकच गाठ पडली. चैत्रातली वावटळ ती, गल्लीच्या तोंडाशी धुळीचा खांब उभा राहिला, गरगरत आला आणि आमच्या माळवदावर चढला. हळकुंडं टपाटप खाली पडली आणि पानं उठली. सासूबाई दोन्ही हात वर करून नुसत्या "आगं माय, आगं माय" करत राहिल्या. पानं शेजारच्या माळवदावर गेली, आडात उतरली, लिंबाच्या झाडात अडकली, हळदीच्या खळ्यावर जाऊन पडली. मला वाटलं, संपलं. ह्यांचा जन्म संपला.

पण आमची गल्ली म्हणजे काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं. एरवी पाण्याच्या घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया, नऊवारी खोचून घराबाहेर आल्या. चपला काढल्या. पोथीचं पान जमिनीवर पडलेलं, त्याला चुकून पाय लागायला नको, म्हणून जो तो जागच्या जागी थांबला. गाड्या थांबल्या. खळ्यावरचे हमाल उकळत्या हळदीची कढई सोडून आले, हात धुऊन आले. पान दिसलं की उचलायचं, कपाळाला लावायचं, आमच्या अंगणात आणून ठेवायचं. आडात पडलेलं पान पोहऱ्यानं काढलं, ते पदरात टिपत आणलं.

अंगणात ढीग झाला. आता हा ढीग लावायचा कसा? ह्यांनी स्वयंपाकाच्या वेळी चुलीपाशी बसून मला ती अक्षरं शिकवली होती. मी पुसेगावच्या शाळेत दोन बुकं शिकलेली, मला ती जड गेली नाहीत. त्यांचीही क, ख, ग अशीच चालतात, वळण तेवढं वेगळं. पानाच्या डाव्या कडेला ते कितव्या पोथीचं ते सांगणारं अक्षर असतं, पहिलीला क, दुसरीला ख, हेही मला ठाऊक होतं. मी रांगोळीचा डबा आणला आणि अंगणापासून गल्लीच्या तोंडापर्यंत ती अक्षरं हातभर मोठी काढली. बायांना सांगितलं, वाचायची गरज नाही, कडेचं चिन्ह बघा आणि जे जुळतं त्या रांगोळीपाशी पान ठेवा. रांगोळी ओळखायला आमच्या बायांना कुणी शिकवावं लागत नाही.

तेवढ्यात टांगा आला.

ह्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. गल्लीत गर्दी, रस्ताभर तिबेटी अक्षरं, अक्षराअक्षरापाशी बाया उकिडव्या बसलेल्या आणि ज्या पोथ्यांना हे धुतल्या हातानंसुद्धा भीत भीत शिवायचे त्यांची पानं धुळीत. म्हातारे भिक्षू टांग्यातून उतरले. बुटके, सुरकुतलेले, लाल चिवराचे. पायाजवळची रांगोळी त्यांनी वाकून बघितली, जोडे काढून टांग्यातच ठेवले आणि अक्षरं चुकवत चुकवत अनवाणी आमच्या दारापर्यंत आले.

हे माफी मागायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, हे कोणी केलं? सासूबाई पुढं झाल्या. घाबरलेल्या होत्या, पण मागं सरणाऱ्यांतल्या नव्हत्या. वाळत घातल्या ते मी, म्हणाल्या, आणि गोळा केल्या ते ह्या समद्यांनी. मग म्हाताऱ्यांनी विचारलं, ह्या पानांवर काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे का?

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "मला आमचीबी वाचता येत न्हाई. मंग आमची काय अन् तुमची काय, मला दोनी सारख्याच. पाय लावू न्हाई, एवढं कळतं."

ह्यांनी ते तिबेटीत करून सांगितलं. तसे म्हातारे असे हसले, असे हसले, की ओट्यावर बसावं लागलं. ह्यांनी तिबेटीतून पाठ केलेलं स्वागताचं भाषण होतं, ते राहूनच गेलं. पानं पुरी भरली, एकही हरवलं नाही. ती क्रमानं लावायला मात्र गुरू-शिष्य आणि मी आठवडाभर जमिनीवर बसून होतो.

जाताना गुरुजींनी निकाल दिला. कलकत्त्याला वाचणारे पुष्कळ आहेत, म्हणाले, पोथी न वाचता सांभाळणारी माणसं मला इथं भेटली. संग्रह इथंच येईल. पण शर्त एक. ह्या माईनं वाचायला शिकायचं. मी दर हिवाळ्यात येऊन परीक्षा घेईन. जितकी अक्षरं आली, तितक्या अक्षरांच्या पोथ्या मागाहून पाठवीन. क आला तर क च्या, ख आला तर ख च्या.

मामंजी आतून म्हणाले, मग झालंच ग्रंथालय! त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. सासूबाईंची साठी जवळ आलेली, हातात आयुष्यभर लाटणं आणि केरसुणी. ह्यांच्या तोंडावर तर उघड दिसत होतं, की आता मेल्यावरच क येणार. सासूबाईंनी ते बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, उद्यापासून रांगोळी जास्त आणून ठेव.

रांगोळीनंच त्या शिकल्या. पाटी-पेन्सिल त्यांना जमेना, हात आखडायचा. पण चिमटीत रांगोळी दिली की वळण सरळ उतरायचं. माडीच्या जिन्याखाली, पहिल्या पायरीपुढं, रोज सकाळी शिकायचं ते अक्षर काढायच्या. पक्कं झालं असं वाटेपर्यंत तेच. वखारीवर हळद घेऊन येणारे शेतकरी विचारायचे, ही कोणती देवी? सासूबाई सांगायच्या, ही ख. क, ख, ग च्या पुढं त्यांच्यात घ नसतो हे कळलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. घ न्हाई? मंग घर कसं लिवतात ते गरीब? ह्यांनी समजावून बघितलं, पण त्या लोकांबद्दल त्यांच्या मनात जी कणव बसली ती बसलीच.

असं करत आमच्या सासूबाईंना मराठीत नाव लिहिता येत नव्हतं तेव्हा तिबेटी च, छ, ज काढता येत होते. अख्ख्या निजामाच्या मुलखात अशी बाई दुसरी नसेल.

आणि दर हिवाळ्यात गुरुजी येत राहिले. सासूबाई त्यांना लामाबुवा म्हणायच्या. परीक्षा ओसरीवर व्हायची. गल्ली जमायची. लामाबुवा बोटानं हवेत अक्षर काढायचे, सासूबाई नाव सांगायच्या, आणि बरोबर आलं की बाया कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढायच्या. मग महिन्या-दोन महिन्यांत टेशनावर पेटी यायची. बैलगाडीतून वखारीपर्यंत, तिथं बासन बदलायचं, हळदीचं बोट, आणि पाळण्यात. पेटी आली की मामंजीसुद्धा खाकरा काढायचे विसरून जिना चढायला लागले. वाचायला माणसंही येऊ लागली, पुण्याची, बनारसची. शिंकत का होईना, पण बसून वाचायची, उतरवून घ्यायची. हे शाळेतून आले की हातपाय न धुता माडीवर. त्यांच्या तोंडावर तेज आलं होतं. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं; तोंडावर कधी बोलले नाही, डोक्यावर बसतील म्हणून.

लामाबुवांना आमच्याकडची एक गोष्ट सोडून सगळं आवडायचं. भाकरी, ठेचा, वरण, सगळं चाटूनपुसून. फक्त चहा. त्यांना चहात मीठ आणि लोणी लागायचं. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, ह्यो काय चहा? ही तर चहाची कढी. पण केली. पुढं पुढं तर इतकी झकास करायला लागल्या की लामाबुवा म्हणायचे, अशी आमच्या मठातही मिळत नाही. दोघं ओसरीवर बसून बोलत राहायचे. लामाबुवांनी मराठी उचलली ती सासूबाईंचीच, म्हणून त्यांच्या तोंडी "काहून" आणि "मंग" असायचं. येताना हाडं दिसायची त्यांची. जाताना चिवर अंगाला बसायचं. सासूबाई टांग्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत जायच्या आणि मग दोन दिवस कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

वर्षं गेली. आता शेवटचं एक अक्षर राहिलं. त्या अक्षराची पोथी एकच. पण ह्यांचा जीव त्या एका पोथीत अडकला होता. हरवलेला एक संस्कृत ग्रंथ ते तिबेटीवरून पुन्हा संस्कृतात उभा करत होते. कित्येक वर्षांचं काम. आणि तो ग्रंथ सुरू होत होता आमच्याकडच्या पोथीत, संपत होता शेवटच्या पोथीत. अर्ध्यावर वाक्य तुटलं होतं.

त्या हिवाळ्यात परीक्षा झाली. लामाबुवांनी शेवटचं अक्षर काढलं. सासूबाईंनी बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाल्या, ध्यानात न्हाई. पुढच्या हिवाळ्यात तेच. डोकं चालंना, म्हातारी झाले. ह्यांनी गुरुजींना हात जोडून सांगितलं, एकाच अक्षरावरून अडवू नका. लामाबुवा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, शर्त ती शर्त, पुढच्या वर्षी बघू.

मला शंका आली. जी बाई सगळी अक्षरं सरळ काढते, तिला तेवढंच एक कसं येत नाही? एका सकाळी जात्यापाशी गेले तर सांडलेल्या पिठात सासूबाईंचं बोट चाललेलं. शेवटचं अक्षर. इतकं सुरेख, की छापल्यावाणी. मला बघून तळहातानं पुसून टाकलं. मी म्हटलं, आत्याबाई, तुम्हाला येतं!

त्या जातं ओढायला लागल्या. मग म्हणाल्या, "समदी आली मंजी लामाबुवाचं इथलं काम सरलं. मंग तो कशाला यील? तिकडं त्याला कोन भाकर घालून राहिलंय?"

मला रागच आला. मी बोलले. तुमचा लेक तिकडं तुटक्या वाक्यापाशी बसून डोळे फोडतोय, त्याच्या जन्माचं काम अडलंय, आणि तुम्हाला म्हाताऱ्याच्या भाकरीची पडली आहे? त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, पोराला बायको हाय, माय हाय, पोथ्या हायेत. एक पोथी कमी असली तर मरत न्हाई तो. त्या म्हाताऱ्याला काय हाय? त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून आणखीच राग आला. पण ह्यांना सांगितलं नाही. माडीवर गेले की ते त्या शेवटच्या पानावर हात ठेवून बसलेले दिसायचे आणि माझा जीव तुटायचा, आणि खाली आले की सासूबाई लामाबुवांसाठी हिवाळ्याचं लोणी जमवताना दिसायच्या. दोघांच्या मध्ये मी, जात्याच्या खुंट्यासारखी.

मग ते वाईट वर्ष आलं. रझाकारांची धामधूम. लोक सरहद्दीपार वाशिमकडं निघून चालले होते. वखारवाल्यानं माडीच्या जिन्यापुढं हळदीची पोती छतापर्यंत रचली, म्हणजे वर काही आहे असं कुणाला कळू नये. आम्ही गेलो नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या लेकी घरात ठेवून कुठं जाता? त्या हिवाळ्यात लामाबुवा आले नाहीत. कसे येणार? खबरही नाही. सासूबाईंनी जमवलेलं लोणी कढवून तूप करून टाकलं आणि एक दिवस मला हळूच म्हणाल्या, सांगून टाकलं असतं तर पोराला पोथी तरी भेटली असती गं. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पोलीस अॅक्शन झाली, गाड्या सुरळीत झाल्या, जिन्यापुढची पोती निघाली. दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी टेशनावरून वखारीचा हमाल पळत आला. तुमचे लामाबुवा उतरलेत, म्हणाला, टांग्यात बसून राहिलेत. मी त्यालाच ह्यांना बोलवायला शाळेत धाडलं आणि बघते तर सासूबाई घरात नाहीत.

आम्ही वखारीपाशी पोचलो तेव्हा टांगा उभा होता. लामाबुवा काठीसारखे झाले होते. छातीशी एक लांबोडकं बासन धरलेलं. ह्यांनी ते लांबूनच ओळखलं, शेवटच्या अक्षराची पोथी. सासूबाई जिन्यापाशी उभ्या होत्या, पदर डोक्यावर, हात पांढरे.

लामाबुवांनी बासन ह्यांच्या हातात दिलं. मग जोडे काढले, सासूबाईंकडं वळले आणि हवेत बोटानं ते शेवटचं अक्षर काढलं. आम्ही सगळे सासूबाईंकडं बघायला लागलो.

"न्हाई आलं मला अजून," म्हणाल्या.

लामाबुवांनी मान खाली घातली. जिन्याच्या पहिल्या पायरीपुढं, त्यांच्या अनवाणी पायांशी, ओल्या जमिनीवर ताजी रांगोळी होती. तेच अक्षर. सुरेख, छापल्यावाणी. त्यांनी ते बघितलं, आणि रांगोळीला धक्का लागू नये म्हणून एक पाऊल मागं घेतलं.

"मंग मला ऱ्हावंच लागंल," ते म्हणाले, "येईस्तोवर."

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि चहा ठेवायला घरी गेल्या. जाता जाता मला म्हणाल्या, लोणी न्हाई आज, शेजारून आण.